डबे शोधणाऱ्यांचे इतर छंद

प्रश्न: जिओकॅशिंग करणाऱ्यांना, म्हणजे जीपीएसच्या आधारे लपवलेले डबे शोधत हिंडणाऱ्यांना, जोडीला आणखी कोणते छंद जडतात?

पहिले उत्तर: मला लेटरबॉक्सिंगचा नाद लागला. इंग्लंडमधील डार्टमूरच्या ओसाड पठारावर, क्रॅनमिअर पूल येथे, १८५४ मध्ये एका वाटाड्याने बाटली ठेवली, तिच्यात येणारेजाणारे आपले कार्ड टाकू लागले आणि त्यातूनच हा खेळ वाढला. आता डब्यातील रबरी शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का तिथल्या वहीत उमटवायचा असतो. पावसात शाई फुटते, ते वेगळेच.

दुसरे उत्तर: माझे वेड हॅम रेडिओचे, म्हणजे हौस म्हणून रेडिओवरून दूरच्या लोकांशी संपर्क साधण्याचे आहे. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘समिट्स ऑन द एअर’ या उपक्रमात डोंगरमाथ्यावरून रेडिओसंपर्क साधल्याबद्दल गुण मिळतात, त्यामुळे अँटेना गुंडाळून उतरताना वाटेतला डबाही शोधून होतो.