मदत हवी आहे: जपानी ग्राहकाला आठवण कशी करून द्यावी?

नमस्कार मंडळी. चाकणला आमचं छोटं प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवायचा कारखाना. नागोयाजवळच्या एका कंपनीची माणसं जूनमध्ये येऊन गेली. डायचे (साच्यांचे) फोटो काढले, रिजेक्शनचा हिशोब विचारला, मशीनखाली गळणारं तेल कुठे जातं हेसुद्धा विचारलं. भावाबद्दल मात्र अवाक्षर नाही! कोटेशन पाठवलं, तेव्हापासून सामसूम. मेल केला की 'विचार चालू आहे' एवढंच, तेही फार अदबीने.

तिकडे प्रस्तावाचा कागद, म्हणजे रिंगी, खालून वर एकेकाचा शिक्का घेत जातो आणि त्याआधी आतल्या आत सगळ्यांशी बोलणी होतात, हे माहीत आहे. त्यात ऑगस्टच्या मध्याला ओबोनची, म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या सणाची सुट्टी. आमचे बंधू म्हणतात, थेट साहेबालाच फोन लाव. मला नाही पटत. ज्या इंजिनिअरने आमची फाइल हातात घेतलीय, त्याला डावलल्यासारखं होईल.

जपानी कंपन्यांशी व्यवहार केलेल्यांनी कृपया सांगा: हा सभ्य नकार आहे की खरंच काम चालू आहे, हे ओळखायचं कसं? आठवण करताना ट्रायल पीसचा तपासणी अहवाल जोडला तर बरं दिसेल का? आणि दिवाळीला मिठाईचा बॉक्स पाठवावा की नको? काही कंपन्या भेटवस्तू घेतच नाहीत म्हणे.