'भ्रूणबाह्य' ऊती म्हणायचं का? आणि वार की जार?

गोदाकाठ : बारावीच्या पोरांसाठी जीवशास्त्राच्या नोट्स मराठीत करायलेय. गर्भासोबत वाढतात पण बाळाच्या अंगात जात नाहीत त्या ऊतींना मी 'भ्रूणबाह्य ऊती' लिहिलं. लेकीला वाचायला दिलं तर ती म्हणली, म्हणजे आईच्या ना? आता आली का पंचाईत! ह्या आईच्या नाहीतच, ज्या एका फलित पेशीतून बाळ होतं तिच्यातूनच ह्या पण होतात. माणसात पाचव्या-सहाव्या दिवशी जो पोकळ गोळा असतो त्याचं वरचं आवरण पुढं वारेत (पोटात बाळाला आईशी जोडते अन् बाळंतपणानंतर पडते ती) जातं, अन् आतल्या पुंजक्यातलाच एक थर पीतक कोश (गर्भाला लागून असलेली छोटी पिशवी) करायला लागतो. मग 'बाह्य' कसं म्हणावं? शब्द सुचवा.

परभणीकर : ताई, 'बाह्य' बरोबरच आहे. शब्द जागा सांगतो, मूळ नाही. गावाचा बाह्यवळण रस्ता गावाचाच असतो की. फक्त 'वार' लिहू नका, 'अपरा' लिहा. उल्ब (गर्भाभोवतीची आतली पाण्याची पिशवी), जरायू (तिच्या बाहेरचं आवरण), अपरा हे शब्द नांदेडपासून सावंतवाडीपर्यंत आपापल्या एकाच अर्थानं चालतात, बोलीतले दर दहा कोसांवर बदलतात.

देवणीवाला : बदलतात म्हणून टाकून द्यायचे का सर? आमच्या उदगीर भागात बाईची वार अन् जनावराचा जार. ती वार, तो जार. गाय व्याली की आबा कालवड का गोऱ्हा हे नंतर बघायचे, आधी 'जार पडला का?' १२ तासांत पडला नाही तर डॉक्टरला बोलवायचं, कारण गाईचा जार ७० ते १२० बटणासारख्या गाठींनी गर्भपिशवीला धरून असतो, हातानं ओढला की आत इजा होते. एकदा शेजाऱ्यानं ओढला होता, आमची चांगली देवणी गाय परत गाभण राहिलीच नाही. अन् उल्ब कशाला, पाणमोट म्हणा ना! दोन असतात, पहिली फुटली की पातळ पाणी येतं, दुसरीचं बुळबुळीत. ती दुसरी म्हणजेच तुमचं उल्ब.

कयाधू : दादा, बाईची वार अन् जनावराचा जार असं काही नाही. माझी आजी हिंगोलीकडं सुईणपण करायची, ती बाईला पण जारच म्हणायची. कीर्तनात चार खाणी सांगतात ना, अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज, त्यातल्या जारजात माणूस पण आला की.

परभणीकर : जारज नका म्हणू. संस्कृतात जार म्हणजे परपुरुष, जारज म्हणजे त्याच्यापासून झालेला. शुद्ध शब्द जरायुज.

कयाधू : सर, पिढ्यानपिढ्या लोक जारज म्हणत आले अन् कुणाच्या मनात तसलं काही आलं नाही. जरायू घासून घासून जार झाला, तो आता आमचा शब्द आहे. मला तर वाटतं वार पण तुमच्या अपरातूनच आली असेल, दीपचा दिवा होतो तसा प चा व.

गोदाकाठ : अहो माझा प्रश्न राहिला. 'वेष्टन', 'आवरण' पण मला पटत नाही, कारण ह्या ऊती नुसतं झाकत नाहीत. रोझा बेडिंग्टन ह्या ब्रिटिश गर्भशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ च्या सुमारास उंदराच्या गर्भावर काम करून दाखवलं की डोकं कुठल्या बाजूला होणार ह्याची खूण ह्यातल्याच एका थराकडून मिळते, अन् त्या थराच्या पेशी पुढं बाळाच्या मेंदूत राहत नाहीत. पहिलं रक्त पण पीतक कोशातच तयार होतं. एवढं करून ह्यांना 'बाह्य' म्हणायचं, माझा हात धजत नाही.

मांजराकाठची मावशी : मग पाठराखीण म्हण की बाई. नवरीसंगं जाते, तिचं बस्तान बसवते अन् परत येते, सासरची होत नाही. पाठराखीण ऊती.

गोदाकाठ : मावशी, डोळ्यात पाणी आलं बघा.

परभणीकर : शब्द गोड आहे पण पेपरात पोरांनी हे लिहिलं तर मार्क कोण देणार? अन् पाठराखीण माहेरचीच असते, तिच्यातून 'त्याच पेशीतून झालेली' हे कुठं कळतं?

मांजराकाठची मावशी : पाठची बहीणच जाते जास्त करून. एकाच कुशीतली.

देवणीवाला : जार वडाला टांगायची पद्धत कुणाकडं आहे का? आमच्याकडं गोणपाटात बांधून टांगायचे, चिकाचं झाड म्हणून, गाईला दूध वाढतं म्हणायचे. व्याल्यावरचं पहिलं दूध पण चीक, वडाचा पण चीक, आधी कोणता असेल?

कयाधू : आधी दुधाचा. खरवस माहीत नसलेला माणूस वडाला चीक म्हणेल का?

परभणीकर : मला उलट वाटतं, चिकटतो तो चीक. अन् आमच्याकडं जार टांगत नव्हते, पुरायचे, कुत्र्यानं उकरू नये म्हणून हातभर खोल.