खारपाणपट्ट्यात ब्रशने दाढीचा फेस धरत नाही, काय करावं?

दर्यापूरकर
बोअरचं पाणी खारं. दाढीचा गोल साबण, डुकराच्या केसांचा ब्रश, तीन भागांचा रेझर, पत्ती नवी. पाच मिनिटं घोळूनही फेस पातळच, गालावर लगेच सुकते. वाटीला चिकट पांढरा थर बसते. पाणी उकळून पाहिलं, तुरटी फिरवून पाहिली, फरक नाही. हनुवटीखाली ओरखडे अन् पुटकुळ्या. चूक पाण्याची, साबणाची का हाताची?

पूर्णाकाठ
भाऊ, फेसाची चूक पाण्याचीच. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात हे घरोघरी आहे. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा न विरघळणारा चोथा करते; वाटीचा पांढरा थर तोच. भरीस मीठ, तेही फेस मारते. पाण्यातल्या या कॅल्शियम-मॅग्नेशियमलाच पाण्याचा जडपणा म्हणतात; उकळल्यावर बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तेवढा कमी होतो. क्लोराइड-सल्फेट तसेच राहतात, पाणी आटलं की उलटे दाट होतात. तुरटी गढूळपणा खाली बसवते, क्षार काढत नाही. उलट तुरटीच्या पाण्यात साबण दुधासारखा फाटते, त्या पाण्यात फेस करूच नका.

गावात आरओचा जार येत असेल तर त्यातलं एक पेलाभर पाणी पुरते. पावसाळ्यात टिनावरचं धरा, पहिल्या सरी सोडून. रेझर खळाळायला बोअरचं चालेल, पण फेस लावण्याआधी तोंडावरचा शेवटचा हात गोड्या पाण्याचा पाहिजे. गालावर खारं पाणी राहिलं तर चांगला फेसही तिथंच बसते.

ब्रश कोमट पाण्यात २-३ मिनिटं भिजवा, झटका, साबणावर ३० सेकंद फिरवा. मग वाटीत अर्धा-अर्धा चमचा पाणी घालत घोळा, एकदम ओतू नका. बुडबुडे दिसेनासे झाले, चकाकी आली आणि ब्रश उलटा धरूनही फेस गळला नाही, की झालं.

सरळपत्ती
ओरखड्यांचं कारण मात्र हात. सुकलेल्या फेसावर रेझर घासते हे आहेच, पण कोनही पाहा. रेझरचं डोकं गालाला टेकवा, दांडा गालाशी काटकोनात. तिथून दांडा हळूहळू खाली आणा. केस कापायला लागले की थांबा. पत्ती कातडीशी साधारण ३० अंशांत येते. दाबायचं नाही, रेझरचं वजन पुरे. हात २-३ सेंटिमीटरचाच, लांब ओढायचा नाही.

मानेवरचे केस अनेकांचे आडवे किंवा खालून वर वाढतात. खुंट वाढलेले असताना बोट फिरवून पाहा: गुळगुळीत लागते ती केसांची दिशा. पहिला हात त्या दिशेने, पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. पुटकुळ्या आहेत तोवर तिथं उलटी दाढी बंद.

आणि पत्ती तिरपी बसली का तेही तपासा. १९०४ मध्ये जिलेटला अमेरिकेत पेटंट मिळालं तेव्हापासून या रेझरची मूळ रचना तीच आहे: टोपी, पाट, दांडा. आवळताना टोपी सरकली तर पत्ती एका बाजूला जास्त बाहेर येते आणि तीच बाजू कापते. उजेडात धरून दोन्ही कडा सारख्या दिसतात का पाहा. नसतील तर सैल करून पुन्हा आवळा.

दर्यापूरकर
आरओच्या पाण्याने फेस धरला! रेझरच्या खाचेत पांढरं साचलं आहे, ते कसं काढू? अन् तुरटी दाढीनंतर लावली तर चालते का?

पूर्णाकाठ
पत्ती काढा, रेझर उघडा. लिंबाच्या रसात तेवढंच पाणी घालून १० मिनिटं ठेवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासून धुवा. रात्रभर ठेवू नका. स्वस्त रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, मुलामा उडाला की आंबट रस आतला धातू खाते. पत्तीची धार फडक्याने पुसू नका, झटकून वाळवा.

दाढीनंतर तुरटी चालते. खडा ओला करून फिरवा, अर्धा मिनिट थांबा, धुऊन टाका. तसाच ठेवला तर कातडी ताणते. खडा आणि पत्ती ज्याची त्याची वेगळी. हेपॅटायटिस बी रक्तातून पसरते.

जुन्या पत्त्या उकिरड्यावर नका टाकू. शेणखतासोबत वावरात जातात आणि निंदणाऱ्या बायांच्या हातापायात घुसतात. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात साठवा, भरला की झाकण ठोकून भंगारवाल्याला काय आहे ते सांगून द्या.