दीड महिन्याची लस: तीन सुया एकाच दिवशी की विभागून?

प्रश्न: बाळ ६ आठवड्यांचं झालं. कार्डावर पेंटाव्हॅलेंट (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची एकच लस), पीसीव्ही (न्यूमोनियाची लस), पोलिओची सुई, शिवाय तोंडाने द्यायचे पोलिओ आणि रोटाचे (जुलाबांवरच्या लसीचे) डोस. आठवड्याच्या अंतराने एकेक घेतलं तर चालेल का? सासूबाई म्हणतात, इवल्याशा जिवाला तीन सुया नकोत.

उत्तर १: ताई, विभागू नका. पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत आणि पोलिओची सुई उजव्या दंडावर कातडीतच, फक्त ०.१ मिली. जागा वेगळ्या, म्हणून एकत्र चालतात. विभागल्यास रडणं तेवढंच, फेऱ्या मात्र तीन. खरी भीती डांग्या खोकल्याची: एवढ्या लहान बाळाला नुसता खोकला येत नाही, श्वास थांबून ते निळं पडतं. पेंटा लांबवलीत तर नेमक्या याच वयात ते उघडं राहतं.

उत्तर २: साध्या सर्दीसाठीही पुढे ढकलू नका. आधीच्या डोसला जीवघेणी अ‍ॅलर्जी आली असेल तर मात्र आधी डॉक्टर. लस झाल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. सुईची जागा चोळू नका, अंगावर पाजत राहा. ताप आला तर पॅरासिटामॉल वजनावर, किलोला १५ मिग्रॅ. थेंब आणि सिरपची तीव्रता वेगळी असते. चूक तिथेच होते, म्हणून मिली नर्सताईंकडून कार्डावर लिहून घ्या.

प्रश्नकर्ती: आणि तारीख चुकलीच तर?

उत्तर १: पहिल्यापासून सुरू करायचं नाही. राहिलेला डोस लगेच, पेंटाचा पुढचा किमान ४ आठवड्यांनी. रोटाला वयाची मर्यादा आहे, ती आधी विचारा.