आयर्लंडच्या क्वेकर घराण्याची वंशावळ कुठं शोधायची?

चिकोडीची काकू:
जावई डब्लिनचा. पूर्वज क्वेकर, म्हणजे ख्रिस्ती लोकांतल्या एका पंथाचे, वॉटरफर्डकडचे, एवढंच त्याला ठाऊक. आमच्याकडं सुगी झाली की हेळवी बैल घेऊन येतो, चोपडी उघडून पिढ्या घडाघडा वाचतो, जोंधळे घेऊन जातो. नातवाचं नाव घालताना त्यानं विचारलं, "बापाकडची मंडळी कोण ओ?" आता तिकडचा हेळवी कुठनं आणू?

निपाणीकर:
काकू, क्वेकर मंडळी स्वतःच सगळं लिहून ठेवायची. १६५४ साली विल्यम एडमंडसन यांनी लर्गनला पहिली सभा भरवली. जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी सतराव्या शतकापासूनच्या आहेत. १९२२ च्या आगीत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला. यांची दप्तरं यांच्याचकडं, म्हणून वाचली. डब्लिनात राथफार्नहॅमला फ्रेंड्स हिस्टॉरिकल लायब्ररी आहे. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या वेबसाइटवरही नोंदी मिळतात, पण पैसे पडतात. आधी लग्नाचा दाखला गाठा. हजर असलेल्यांच्या सह्या असतात त्यावर, एका कागदात अख्खा गोतावळा!

संकेश्वरची सून:
तारखा जपून वाचा हं. महिन्यांना नावं नाहीत, आकडे. १७५२ च्या आधी पहिला महिना मार्च, म्हणजे 'तिसरा' म्हटलं की मे. आणि एखादं नाव मधेच गायब झालं तर सभेची इतिवृत्तं चाळा. पंथाबाहेर लग्न केलं की सरळ नाव काढायचे. आपल्या वाळीतल्यासारखंच की.

चिकोडीची काकू:
होय की! लेकीला आत्ताच फोन लावते. त्या राथफार्नहॅमला सिटी बस जाते काय ओ?