चंद्रपूर : काळा थर दिसला नाही, म्हणजे हवा शुद्ध आहे असे समजावे का?

दुर्गापूर रहिवासी
आमचे घर चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रापासून जवळ आहे. दिवाळीनंतर पहाटे गच्चीवर अनवाणी गेले की तळपाय काळे होतात आणि तुळशीचे पान चोळले तर बोटांना काजळी लागते. बाबा ७१ वर्षांचे असून त्यांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे; तरीही पहाटे साडेपाचचा फेरफटका त्यांनी आजवर चुकवलेला नाही. ज्या दिवशी गच्चीवर थर दिसत नाही, त्या दिवशी ते "आज हवा चांगली आहे" असे म्हणून निर्धास्तपणे बाहेर पडतात. त्यांचे हे अनुमान बरोबर आहे का?

श्वसनरोग विभागातील डॉक्टर
दुर्दैवाने नाही. गच्चीवर बसते ती प्रामुख्याने जाड धूळ असते आणि तिचा बराचसा भाग नाकात व घशातच अडतो. खरा धोका पीएम २.५ या कणांचा असतो. त्यांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा असतो. ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणूनच प्रदूषित हवेने दमा बळावतो तसा हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. या कणांची २४ तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. तेव्हा गच्ची न पाहता जवळच्या मापन केंद्रावरील आकडा पाहावा.

हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडून राहते, त्यामुळे धूर वर जात नाही. बाबांचा फेरफटका ऊन चांगले वर आल्यावर आणि वाहत्या रस्त्यापासून दूर ठेवावा. बाहेर पडताना रुमाल पुरेसा नाही, चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा हवा. मात्र तो लावून धाप लागत असेल तर घरातच चालावे. इन्हेलर "आज बरे वाटते" म्हणून कधीही बंद करू नये.

निवृत्त वीज कर्मचारी
मी बॉयलर विभागात नोकरी केली आहे. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असते. चिमणीआधीची विद्युत-स्थितिक यंत्रणा नीट चालत असेल तर वजनाने ९९ टक्क्यांहून अधिक राख पकडते. पण निसटतात ते नेमके सर्वांत बारीक कण. शिवाय सल्फर डायऑक्साइड हा वायू तिच्यात अडकत नाही आणि हवेत त्याचेच पुढे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. म्हणजे चिमणीतून धूर दिसत नसतानाही कण तयार होत असतात, ही गोष्ट गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. हा वायू रोखण्याचे नियम २०१५ मध्ये आले, त्यांची मुदत वारंवार वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांबाबत मात्र प्रकरणनिहाय निर्णय घ्यायचे ठरले, आणि २००९ च्या राष्ट्रीय मूल्यांकनात चंद्रपूर देशातील पहिल्या पाच अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होते. म्हणूनच येथील नागरिकांनी या प्रश्नावर गप्प राहणे मला पटत नाही.

घुग्घुस परिसरातील शेतकरी
आमचे शेत कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून आहे. बोंडे फुटली की दोन दिवसांत रस्त्याकडच्या ओळींमधला कापूस करडा पडतो, आणि व्यापारी तो मुठीत घेऊन पाहतो व भाव पाडतो. पानांवर धूळ साचल्याने त्यांची रंध्रे बुजतात व ऊन कमी पोहोचते, त्यामुळे त्या कडेची झाडे खुजी राहतात. बैलांना बांधावरचा चारा घालण्यापूर्वी आम्ही तो धुतो. ताडपत्री न बांधलेल्या ट्रकांची छायाचित्रे, तारीख व वेळ नोंदवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात दिल्यावर काही दिवस रस्त्यावर पाणी मारले गेले, नंतर ते थांबले; आम्ही पुन्हा अर्ज दिला आहे.

दुर्गापूर रहिवासी
सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचे उत्तर बाबांना वाचून दाखवले. काल गच्ची स्वच्छ होती आणि पीएम २.५ चा आकडा ११८ होता. तो पाहून ते काही वेळ बोलले नाहीत. आज ते साडेनऊला बाहेर पडले. शेजारच्या अंगणात पहाटे कोळशाची सिगडी पेटते व तिचा धूर थेट त्यांच्या खिडकीत येतो, हेही आता लक्षात आले आहे. त्या काकूंशी मी संध्याकाळी बोलणार आहे.