मायलिन दुरुस्तीवर पोस्टडॉक: अर्धं कोडिंग, अर्धी लॅब. कुठे जावं?

अनुस्वार:
नमस्कार मंडळी. पीएचडी संपत आलीय, विषय सिंगल-सेल (एकेका पेशीतल्या) आरएनए डेटाचं विश्लेषण. पुढे मायलिन (चेतातंतूंवरचं वेष्टण) दुरुस्तीवर पोस्टडॉक करायचंय, पण नुसतं संगणकापुढे बसून नाही, प्रयोगही स्वतः करायचेत. दोन ठिकाणांहून होकार आलाय.

अ: मोठा ग्रुप. उंदरांचं क्युप्रिझोन मॉडेल (हे रसायन खाऊ घालून मायलिन घालवायचं) वर्षानुवर्षं चालतंय, डेटाचे ढीग पडलेत. पीआय (ग्रुपप्रमुख) म्हणतात, "आधी डेटा बघ, मग हळूहळू बेंचवर ये."
ब: लहान, नवा ग्रुप. ओपीसी (मायलिन बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी) कल्चरवर औषधं तपासतात, मायक्रोस्कोपी उत्तम. कोड लिहिणारं कुणीच नाही.

पिपेट शेवटचं धरलं ते एमएस्सीत. भीती एकच, एक ना धड भाराभर चिंध्या व्हायच्या. कुठे जावं? आणि बेंचचं काम कुठून सुरू करावं?

खारफुटी:
"हळूहळू" म्हणजे नक्की कधी, ते आधी विचारून घ्या. डेटाचे ढीग असलेल्या ग्रुपमध्ये कोड येणारा माणूस बघता बघता सगळ्यांचा होतो. कुणाला आकृती हवी असते, कुणाला रिव्ह्यूअरने मागितलेलं विश्लेषण. पेपर भरपूर, पण नाव प्रत्येकात मधे कुठेतरी. त्यांना सरळ म्हणा, विश्लेषणातून निघालेला एखादा अंदाज तुमच्याकडे प्रयोगात तपासला गेलाय का? कुणी तपासला? फसला असेल तरी चालेल, तपासलेला दाखवा.

बेंच मात्र सोडू नका, कारण सांगतो. एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मायलिन नष्ट होणारा आजार) ऊतीतल्या केंद्रकांच्या डेटात मायक्रोग्लियाचा (मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशींचा) एक गट हमखास दिसतो, ज्यात पीएलपी१ आणि एमबीपीचा आरएनए असतो. मायलिनचे हे जीन्स मायक्रोग्लियात कसे? एक, केंद्रकं वेगळी करताना दोन केंद्रकं एकाच थेंबात अडकली. दोन, फुटलेल्या ऑलिगोडेंड्रोसाइटमधला (मायलिन बनवणाऱ्या पेशीतला) आरएनए द्रावणात तरंगतोय. पांढऱ्या द्रव्यात तो इतका असतो की जवळपास प्रत्येक थेंबात शिरतो. तीन, मायक्रोग्लियाने खरंच मायलिन गिळलंय. पहिल्या दोन शक्यता स्क्रबलेट, सेलबेंडरसारख्या टूल्सनी बऱ्याच कमी होतात, पूर्ण जात नाहीत. शेवटी सेक्शन कापा, पीएलपी१चा आरएनए दाखवणारा प्रोब आणि मायक्रोग्लिया दाखवणारी आयबीए१ची अँटीबॉडी लावा, आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली ठिपका पेशीच्या आत आहे की शेजारी ते बघा. 2019 मध्ये एमएस रुग्णांच्या मेंदूवरच्या एका अभ्यासात तिसरी शक्यता खरी असल्याचं दाखवलं गेलं. नुसत्या पाइपलाइनवर विसंबणाऱ्याने तो गट कचरा म्हणून फेकून दिला असता.

पाटीपेन्सिल:
+1. आणि एन (नमुन्यांची संख्या) म्हणजे उंदीर किती, पेशी किती नव्हे. स्यूडोबल्क करा, म्हणजे एकेका उंदराच्या पेशींची बेरीज करून मग तुलना. हे ज्या ग्रुपला पटत नाही तिथे जाऊ नका, अ असो वा ब.

तिरपागडे:
माझं मत थोडं उलटं. अ नाकारायची घाई नको. क्युप्रिझोन दिसतं सोपं: खाद्यात साधारण 0.2 टक्के, पाच-सहा आठवडे, कॉर्पस कॅलोसमचं (मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या पट्ट्याचं) मायलिन जातं, खाद्य बदललं की आपोआप परत येतं. गोम त्या "आपोआप"मध्येच आहे. औषध न देताही दुरुस्ती होतेच, शिवाय क्युप्रिझोन चालू असतानाच ती सुरू झालेली असते. म्हणजे तुमचं औषध फार तर वेग वाढवतं, आणि तो दिसेल की नाही हे कुठल्या दिवशी ऊती काढता यावर ठरतं. हे ज्यांच्या हाडीमाशी खिळलंय अशा लोकांजवळ दोन वर्षं काढणं फुकट जात नाही.

सुरुवात कुठून, तर कल्चरपासून नको. प्रायमरी ओपीसी नवख्याला रडवतात. सेक्शन, स्टेनिंग, इमेजिंग इथून करा, कारण तिथे तुमचा कोड लगेच कामी येतो. एमबीपीच्या रंगावरून मायलिन नवं की वाचलेलं जुनं, ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी आणि जी-रेशो, म्हणजे अ‍ॅक्सॉनचा (चेतातंतूचा) व्यास भागिले मायलिनसकट व्यास. दुरुस्त झालेलं मायलिन पातळ, म्हणून रेशो वाढतो. पण कॉर्पस कॅलोसमचे अ‍ॅक्सॉन इतके बारीक की फरक नखभर. अ‍ॅक्सॉनडीपसेगसारखं टूल कडा आखून देतं, तरी त्या हाताने तपासाव्याच लागतात. आणि स्लाइडवर गटाचं नाव नको, कोड नंबरच हवा. मोजणाऱ्याला गट ठाऊक असला की कडा हव्या तिकडे सरकतात.

अनुस्वार:
तिरपागडेकाका, खारफुटी, खूप आभार. ब ग्रुप क्लेमास्टिनसारख्या औषधांच्या मागे आहे. तिथे संगणकाला खरं काम काय उरतं?

खारफुटी:
तिथेच तर खरं काम आहे! क्लेमास्टिन हे अ‍ॅलर्जीचं जुनं औषध. 2014 मध्ये सूक्ष्म खांबांवर पेशी वाढवून, त्यांनी खांबाभोवती घातलेली मायलिनची वेटोळी मोजणाऱ्या चाचणीतून ते पुढे आलं. 2017 मध्ये 50 रुग्णांच्या ट्रायलमध्ये डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाचा उशीर 1.7 मिलिसेकंदांनी घटला. फरक छोटाच, पण एमएसमध्ये औषधाने दुरुस्ती होऊ शकते याचा तो महत्त्वाचा पुरावा मानतात. पुढे प्रोग्रेसिव्ह (सतत वाढत जाणाऱ्या) एमएसच्या एका ट्रायलमध्ये मात्र काही रुग्णांचं अपंगत्व वेगाने वाढलं आणि औषध थांबवावं लागलं.

आणखी एक. 2018 च्या एका कामात दिसलं, की कल्चरमध्ये ऑलिगोडेंड्रोसाइट वाढवणारे बरेच रेणू, ज्यांचं कागदावरचं लक्ष्य निरनिराळं, ते प्रत्यक्षात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेवरचे एन्झाइम अडवतात आणि ठरावीक स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या जातीचे रेणू) साचवतात. म्हणजे स्क्रीनमधून (औषधांच्या छाननीतून) दहा हिट, म्हणजे परिणाम दाखवणारे रेणू, आले तर त्यातले खरोखर वेगळे किती? प्रतिमा आणि आरएनए यांवरून हिटचे गट पाडायचे आणि स्टेरॉल मास स्पेकवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) मोजायचे. गट तुम्हीच पाडले आणि नमुनेही तुम्हीच बनवले, तर प्रश्न तुमचा राहतो. मी ब घेतलं असतं.

तिरपागडे:
हे पटलं. फक्त कल्चरवर भागत नाही, शेवटी उंदरात जावंच लागेल. ब कडे प्राणी परवाना आहे का, की मंजुरीपासून सुरुवात? त्यात महिनोन्‌महिने जातात.

अनुस्वार:
विचारलं नव्हतं. आजच मेल टाकते.

पाटीपेन्सिल:
मेलमध्ये हेही टाका: कॉन्फोकलवर आठवड्याला किती तास मिळतील, सर्व्हर कुणाचा, आणि दुसऱ्यांसाठी केलेल्या विश्लेषणात लेखकांच्या यादीत नाव कुठे. आणि तिथल्या एखाद्या पोस्टडॉकशी पीआय कॉलवर नसताना बोला.